चुकलेल्या पावत्या

तो चित्रं काढतो पावत्यांच्या पाठीवर.
थंडर बेच्या धान्यकोठारात माझी रात्रपाळी असते.
गहू, ओट्स, जवस. वॅगन येते, काटा हलतो,
आकडा मी अजूनही पेनानं लिहिते.
चुकलेल्या पावत्या घरी आणते.
आर्वो त्यांवर घोडे काढत नाही, किल्ले काढत नाही.
हात काढतो.
बसचालकाचा हात. दंतवैद्याचा. माझा,
अंगठ्याजवळच्या जुन्या व्रणासकट,
जो मी कुणाला दाखवत नाही.

मार्चमध्ये त्याला तेरा पूर्ण झाली आणि मी शोधाला लागले.
वाचनालयाच्या दारापाशी फळा:
हरवलेलं मांजर, विकाऊ बर्फगाडी, पियानोच्या शिकवण्या,
आणि कोपऱ्यात एकाच टाचणीवर लोंबणारं
'उन्हाळी कलाशिबिर, वय सहा ते बारा.'
समाजकेंद्रातली बाई गोड होती. म्हणाली,
बारापर्यंत आमच्याकडे, सोळापासून कॉलेजकडे.
मधली वर्षं?
मधली मुलं हॉकी खेळतात, ती म्हणाली,
थट्टेनं नव्हे, माहिती म्हणून.

सरोवराकाठी एक शिबिर आहे, मोठ्या मुलांचं, दोन आठवड्यांचं.
तंबू, होड्या, मातीकाम, रात्री शेकोटी.
फी वाचली, पुन्हा वाचली.
आकडे दोनदा वाचायची सवय आहे मला.
सवलतीचा अर्ज सात पानी.
'आपल्या पाल्याच्या प्रतिभेचे वर्णन करा.'
मी लिहिलं: हात काढतो.
मग बराच वेळ पेन नुसतं धरून बसले.
प्रतीक्षायादीत आम्ही एकतिसावे.

एका शनिवारी मॉलमधल्या वर्गात नेलं.
अकरा मुलं, अकरा सूर्यफुलं,
बाईंच्या सूर्यफुलाची अकरा भावंडं.
आर्वोनं निमूटपणे रंगवलं, हुबेहूब.
ते गाडीत मागच्या सीटखाली गेलं.
अजून आहे.

मे महिन्यात हिवाळी टायर उतरवायला गेले.
दुकानाची पाटी नवी होती, लाल, हातानं रंगवलेली,
अक्षरांच्या कडा अशा की बोट फिरवावंसं वाटावं.
फिरवलं. बोट लाल झालं.
कुणी केली? तर गॅरेजवाला म्हणाला,
म्हाताऱ्या हावरिलुकनं. शनिवारी असतो तो
युक्रेनी सभागृहाच्या तळघरात,
चार-पाच पोरं जमतात.
मग कुठे काही लावलेलं कसं नाही?
तो हसला. दुसऱ्यांच्या पाट्यांतून त्याला सवड कुठे.

तळघरात बीटच्या सूपाचा वास, त्यावर टर्पेंटाइनचा.
हावरिलुकनं वय विचारलं नाही.
फी किती, तर म्हणाला, ब्रश धुवायचे. सगळ्यांचे.
दोन तासांनी आर्वो जिना चढून आला,
हातात कागदभर शून्यं.
नुसती शून्यं, काळी, एकाखाली एक,
बरीचशी अंड्यासारखी कलंडलेली.
दोन तास हेच? निघून गेलं माझ्या तोंडून.
पेट्रोल, मोडलेली झोप, सगळं एका बेरजेत आलं.
तो म्हणाला, गोल मनगटानं काढायचा नसतो, आई.
खांद्यापासून काढायचा.
अर्धा श्वास सोडून.

हा मुलगा जेवताना मीठ मागायलाही
एकच शब्द खर्च करतो.

जूनमध्ये शिबिराचं पत्र आलं: एक जागा रिकामी झाली आहे.
फ्रिजवर लावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.
आर्वो त्याच्यासमोर उभं राहून दूध पितो,
वाचतो की नाही, कळत नाही.

काल पहाटे तीनला गव्हाची वॅगन काट्यावर आली.
नव्वद हजार किलो, बरोबर नव्वद,
इतका गोळाबेरीज आकडा वर्षात एखादाच.
चार शून्यं लिहायची होती.
पहिलं नेहमीसारखं लिहिलं.
दुसऱ्याला खांदा हलवून पाहिला.
तिसरं चौकटीबाहेर गेलं, चौथं पार सहीच्या जागेवर.
खाली इंजिनवाल्यानं भोंगा दिला.
मी नवी पावती घेतली, नीट भरली,
आणि चुकलेली घडी करून खिशात ठेवली.